सड्यावरचं यंत्र आणि माझा तवा

विसू,

काल तुझं तेरावं झालं. वडे चांगले झाले होते. तू असतास तर सहा खाल्ले असतेस आणि सातव्याला "बाय, पुरो" म्हणत पान पुढे केलं असतंस. देवगडची मावशी सकाळच्या मोटारीने गेली. जाताना सगळ्यांसारखंच म्हणाली, "देवमाणूस होतो गो." तेरा दिवस हेच ऐकते आहे. देवमाणसाशी भांडता येत नाही, आणि मला तर तुझ्याशी भांडायचं आहे. लोक होते म्हणून गप्प बसले.

तुला उठता-बसता "मेल्या" म्हणायची माझी सवय. आपल्याकडे थोरल्या बहिणी धाकट्या भावाला तसंच म्हणतात, त्यात काही नसतं. परवा तुझा पंचा दोरीवरून खाली पडलेला दिसला आणि तोंडातून गेलं, "मेल्या, पंचो उचल." मग तिथेच पडवीत बसले आणि पोटभर रडले.

तू नेमकं काय करायचास ते गावाला शेवटपर्यंत कळलं नाही. कोणी म्हणायचं पाऊस सांगतो, कोणी म्हणायचं गावामागच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावरच्या खोपीत सरकारचं बिनतारी यंत्र आहे. मासळी घेऊन येणारी पार्वती एकदा मला म्हणाली, "मास्तरणी, तुझो भाव सूर्याचे फोटो काढता मां?" तू आतून ओरडलास, "फोटो नाय गो पार्वते, वाटेत खाऊन उरलेलो सूर्य मोजतंय!" ती बिचारी बांगडे तसेच टाकून हसत सुटली.

मला तू समजावलं होतंस ते मात्र माझ्या चौथीच्या मुलींनाही कळलं असतं. सूर्यापासून न दिसणारे अतिनील किरण निघतात. त्यातल्या दोन जातींचे किरण आपण निवडायचे. वर आभाळात ओझोन नावाचा वायू आहे, तो एका जातीला खूप खातो, दुसरीला फारसा हात लावत नाही. दोन्ही खाली पोचले की कोण किती उरलं ते ताडून बघायचं, म्हणजे वर ओझोन किती आहे ते कळतं. हे ताडून बघणारं तुझं यंत्र, आडव्या घातलेल्या मोठ्या लोखंडी पेटीसारखं. स्पेक्ट्रोमीटर हे त्याचं नाव मी शाळेत फळ्यावर लिहून मुलींकडून पाठ करून घेतलं होतं. घरात आपण त्याला 'तो' म्हणायचो. "त्येका आज गरम होता," असं तू म्हणालास की समजायचं, यंत्राची गोष्ट चालली आहे.

रविवारी आणि सुट्टीत मी यायची. तू तबकडी फिरवायचास, काटा मधोमध स्थिर झाला की आकडा सांगायचास, मी घड्याळ बघून वेळ आणि आकडा लिहायची. बाकीचे दिवस दोन्ही कामं तू एकटाच करायचास. एप्रिलमध्ये सड्यावरचा जांभा दगड नुसता भाजत असतो, पायाखाली तवा ठेवल्यासारखा. आपल्याकडे छत्री एक. ती तू यंत्रावर धरायला लावायचास आणि स्वतः उघड्या डोक्यानं उभा. मी एकदा छत्री तुझ्यावर धरली तर काय खेकसलास! "माझा तापमान कोण लिवन घेता?" म्हणालास. मेल्या, लिहून घेतलं असतं कोणी तर बरं झालं असतं.

तुझी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट धामापूरची. आपण भगवतीला गेलो होतो, ओटी भरून झाली, आणि तू मला तळ्याच्या पायऱ्यांवर बसवलंस. पाण्यातला एक दगड दाखवलास. वाकून सरळ खाली बघितलं तर स्पष्ट. दूर सरकून तिरकं बघितलं तर गढूळ, कारण नजरेला जास्त पाण्यातून जावं लागतं. "सकाळचो सूर्य तसो," तू म्हणालास. "तिरको येता, खूप हवेतून येता. जेवणवेळेक सरळ येता, कमी हवेतून येता. मी सकाळपासून दर थोड्या वेळान मोजतंय. कागदावर ठिपके घालतंय. ठिपक्यांची सरळ रेघ येता. ती रेघ फुटपट्टीन तशीच मागे ओढायची, हवा संपासर."

"हवा संपासर म्हणजे?"

"म्हणजे मधे हवाच नसती तर सूर्य केवढो दिसलो असतो, तो आकडो. आभाळाच्या भायलो."

 मालवणच्या सड्यावर उभं राहून, लाकडी फुटपट्टीनं, माझा भाऊ आभाळाबाहेरचा सूर्य मोजत होता. त्या दिवशी मला तुझा जो अभिमान वाटला तो मी तुला बोलून दाखवला नाही. "चल, मोटार चुकात," एवढंच म्हणाले.

तो बाहेरचा आकडा यंत्राची नाडी, असं तू मानायचास. सूर्य काही वर्षा-दोन वर्षांत म्हातारा होत नाही. तेव्हा तो आकडा हलला तर सूर्य नाही, आपलं यंत्र हललं. दर हंगामात स्वच्छ दिवस गाठून तू ही रेघ ओढायचास. शिवाय महिन्यातून एकदा यंत्रापुढे ठरलेला दिवा लावून बघायचास, त्याचा उजेड कायम सारखा. पेटीत तसे दोन दिवे होते. एक नेहमीचा, आणि दुसरा फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला, सहा महिन्यांतून एकदाच लावायचा. मी म्हणायची, अरे, ओझोन मोजतोस की यंत्रालाच मोजत बसतोस? तू म्हणायचास, "ज्येका यंत्राक मोजूक येता तोच ओझोन मोजता."

मग पुण्याच्या हवामान कचेरीतल्या मोठ्या साहेबांचं ते पत्र आलं. परदेशातल्या लोकांनी आपल्यासारखंच एक यंत्र उपग्रहावर बसवून वर सोडलं होतं. ते पृथ्वीभोवती फिरत सगळीकडचा ओझोन मोजणार. आपल्या माथ्यावरून जाईल त्या दिवशी आपण खालून मोजायचं, आणि दोन्ही आकडे ताडायचे. मला वाटलं तू नाचशील. तू पत्र घडी करून ठेवलंस आणि विचारलंस, "पण वर गेल्यावर त्येची काच कोण पुसतलो?"

मी हसले. तू हसला नाहीस. उडताना ते गदागदा हलणार, वर नागड्या उन्हात भाजणार, आणि दिवा लावून बघायला तिथे कोणी निरीक्षक नाही. म्हणजे ते खरं बोलतं की खोटं, हे खालच्या यंत्रानं सांगायचं. "आणि खालचाच खोटा बोलला तर?" हे तू ताटावर बसून, सोलकढीची वाटी हातात धरून बोललास. मला वाटलं, उगाच शंका काढतो.

त्या हिवाळ्यात आपले आकडे चढायला लागले. दर आठवड्याला थोडे थोडे. उपग्रहाचे आकडे खाली आणि आपले वर. साहेबांचं दुसरं पत्र तर केवढं गोड होतं! मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं: "आपल्या ठाण्याचे वेध अत्यंत काळजीपूर्वक घेतलेले असतात, याविषयी आमच्या मनात शंका नाही. यावरून उपग्रहावरील यंत्रात बिघाड दिसतो. आपल्या आकड्यांच्या आधारे त्यांनी दुरुस्ती करावी, असे आम्ही कळवत आहोत." आणि खाली, परदेशात सगळ्या ठाण्यांची यंत्रं एकत्र आणून ताडायची होती, तिथे जायला तुझं नाव.

साहेब खूश, मी खूश, सगळी आळी खूश. पार्वतीनं सुरमई आणून दिली. तू तेवढा रडवं तोंड करून बसलास. "बाय, थंडीत आपल्याकडे ओझोन कमी व्हता. ह्यो चढता कसो?" मी म्हटलं, "चढता तर चढांदे! तुका काय त्येका हातान खाली वडूचो आसा?"

नेहमीच्या दिव्याचाही आकडा हलला होता, पण दिवा जुना झाला असेल असं तूच धरून चालला होतास. आता तू फ्लॅनेलमधला दिवा काढलास. त्याचाही आकडा तेवढाच हलला. दोन दिवे एकदम म्हातारे होत नाहीत. मग एक लख्ख रविवार बघून आपण सकाळपासून दुपारपर्यंत सूर्य मोजला. मी वेळा लिहिल्या, तू ठिपके घातलेस आणि रेघ मागे ओढलीस. आभाळाबाहेरचा सूर्य कमी झाला होता. तू पट्टी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "ह्येच्या डोळ्यावर कायतरी इला."

दुपारच्या कोरड्या वेळी तू पेटी उघडलीस. आत वाटीत सिलिका जेलचे दाणे असायचे, आतली ओल शोषायला. निळे असले की कोरडे, गुलाबी झाले की ओले. आपल्या खाऱ्या हवेत चार दिवसांत गुलाबी व्हायचे, मग तू ते घरी आणायचास आणि मी चुलीवर भाजून पुन्हा निळे करून द्यायची. तुझी ताकीद होती: कोरी मातीची खापरी, तेलाचा हात नाही, मंद आच. मी तसंच करायची. पण चतुर्थीच्या गडबडीत खापरी फुटली. तू दाणे चुलीपाशी ठेवून गेला होतास, संध्याकाळी लागतील असं सांगून. मी तवा घेतला. राखेनं घासला, चिंचेनं घासला, आरशासारखा केला. एकदाच काय होतंय, म्हटलं. आणि एकदा झालं की दुसऱ्यांदा काहीच वाटत नाही. खापरी आणायची राहून गेली ती राहूनच गेली.

पण बारा वर्षं खोबरेल पिऊन बसलेलं लोखंड ते, राखेला काय दाद देणार! दाण्यांनी ते तेल शोषलं. बंद पेटीत, सड्याच्या उन्हात, ते वाफ होऊन क्वार्ट्झच्या काचेवर बसलं. डोळ्याला काच स्वच्छच दिसत होती. अतिनील किरणांना मात्र ती साय अडवत होती, आणि नेमकी ओझोन ज्यांना खातो त्याच किरणांना जास्त. म्हणून आपल्याला वाटत होतं, ओझोन वाढतोय.

तू वाटी नाकाजवळ नेलीस. मग माझ्यापुढे धरलीस.

"बाय, हुंगून बघ."

बांगड्याचा वास. अगदी हलका, पण मालवणच्या बाईला तो शंभर वासांत कळतो.

"माका काय येना नाय," मी म्हणाले. "सर्दी झाली आसा."

तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मग वाटी बाजूला ठेवलीस आणि स्पिरिटची बाटली शोधायला लागलास.

आपलं भांडण त्या संध्याकाळी झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. तू म्हणालास, चतुर्थीपासूनचे सगळे वेध रद्द करा असं कळवणार. मी आकाशपाताळ एक केलं. "फरक किती पडता तो तुका कळलो मां? मगे तेवढो वजा कर आणि धाड!"

"खंयच्या दिवशी किती तेल चढला, ता तुका ठावक आसा?"

"नाय."

"माकाय नाय. मगे वजा काय करू?"

"कोण इचारूक येता तुका? साहेबांनीच सांगला, उपग्रह बिघडलो!"

"तोच तर घोळ गो. माझ्या आकड्यावरसून ते वरच्या यंत्राचो आकडो फिरवतले. मगे ता बरा असलेला यंत्र जगभर खोटा सांगत फिरतला."

विसू, तेव्हा मला ते हास्यास्पद वाटलं होतं. आता नाही वाटत. साऱ्या पृथ्वीभोवती फिरणारं यंत्र माझ्या बांगड्याच्या तव्यावरून दुरुस्त केलं जाणार होतं, आणि ते थांबवायला मधे फक्त तू होतास. मी मात्र तुला म्हटलं, "हरिश्चंद्राचो अवतार! त्येच्याकडे निदान स्वप्नात येऊन कोणीतरी दान मागितलेला. तुझ्याकडे कोणी मागूक इल्लो?" आणि ताट आपटून आत गेले.

दुसऱ्या दिवशी तू अहवाल घेऊन आलास. माझं अक्षर बरं म्हणून ठाण्याच्या नोंदवहीतली आणि साहेबांना धाडायची प्रत मीच लिहायची. तू सांगत होतास, मी लिहीत होते. सदर काळातले वेध वापरू नयेत. कारण, शोषक दाणे अयोग्य भांड्यात वाळवल्यामुळे तेलाची वाफ. मग रकाना आला, चूक कोणाची.

माझा टाक थांबला. "कोणाची लिवू?"

"निरीक्षकाची."

"तुझी?"

"मगे कोणाची लिवतलंस?"

तू खिडकीतून बाहेर बघत होतास. घाई केली नाहीस. मला वाटतं तू मला वेळ देत होतास. शाळेत एखादी पोर खोटं बोलते तेव्हा मी तशीच गप्प उभी राहते, तिनं स्वतःहून सांगावं म्हणून. मी सगळं ओळखलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निरीक्षकाची चूक'. तू सही केलीस. संध्याकाळी बाजारातून नवी खापरी घेऊन आलास, चुलीपाशी ठेवलीस आणि म्हणालास, "ही त्येकाच हां."  तू त्या दिवशी मला रागावला असतास, एखादी शिवी हासडली असतीस, तर मी मोकळी झाले असते. एवढं चांगलं कशाला वागलास रे?

निष्काळजीपणाचा ठपका आला. परदेशी दुसऱ्या ठाण्याचा माणूस गेला. तुझ्यासाठी शिवलेला कोट ट्रंकेत गेला. मी तीन आठवडे तुझ्याशी धड बोलले नाही आणि गावाला सांगत सुटले, की याच्या खरेपणापायी याची गेली संधी. तू रोज सड्यावर जात होतास. काच पुसलीस, आरसे पुसलेस, सगळे दाणे फेकून नवे मागवलेस, आणि एकेक दिवा, एकेक रेघ पुन्हा पहिल्यापासून. अख्खा उन्हाळा तू मावशीकडे देवगडला आंबे खायला गेला नाहीस, कारण मे महिन्यातलं स्वच्छ ऊन पुन्हा मिळत नाही. आणि पावसाळ्याच्या तोंडावर साहेबांचं पत्र आलं: वरच्या यंत्राचे आकडे आणि आपले नवे आकडे जुळले.

ते पत्र घेऊन तू अंगणातून ओरडत आलास, "बाय! वरचा बरोबर होता गो! वरचा यंत्र बरोबर होता!" मी तुला इतकं आनंदलेलं कधी बघितलं नव्हतं. आपण चुकलो होतो हे ठरलं म्हणून पेढे वाटणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, पुढेही पाहणार नाही. पार्वतीनं विचारलं, "लगीन ठरला काय रे?" तू म्हणालास, "तसाच समज." मी माझा पेढा देवापुढे ठेवला आणि आत निघून गेले.

आता बोलते. त्या संध्याकाळी मी तुझ्या परदेशवारीसाठी भांडत नव्हते. सगळ्यांना तसं वाटलं, मीही तसंच समजून घेतलं. मी भांडत होते ती माझ्यासाठी. तू कळवलं नसतंस, तर कोणी विचारलं नसतं, आणि तव्याची गोष्ट चुलीपाशीच राहिली असती. मुलींना खरं बोला म्हणून छडी दाखवणारी मी, एका वाटीभर वासाला घाबरले. ठपका तुझ्या नावावर बसला, आणि परवा साहेबांच्या शोकपत्रातसुद्धा 'एक प्रमाद वगळता' अशी ओळ आहे. ती वाचली आणि माझं डोकं फिरलं.

आज शाळेत रजा टाकली आणि सडा चढले. तुझ्या जागी पुण्याहून आलेले निरीक्षक माणूस बरे आहेत. नोंदवही मागितली तर दिली. ते म्हणाले, "बाई, दोन वर्षांपूर्वीची नोंद आहे. आता काय फरक पडतो?" मी म्हटलं, "वहीत चुकीची नोंद राहिली तर निरीक्षक काय करतो?" ते म्हणाले, "खोडरबर लावत नाही. एक आडवी रेघ मारतो, खाली खरं लिहितो, सही करतो."

तसंच केलं. 'निरीक्षकाची' वर एक रेघ, वाचता येईल अशी. खाली लिहिलं, 'निरीक्षकाच्या बहिणीची. दाणे तिने मासळीच्या तव्यावर भाजले. निरीक्षकाने ताकीद दिली होती.' वरचं अक्षर माझंच होतं, खालचंही माझंच. सही या खेपेला माझी केली. हीच नक्कल दुपारच्या टपालानं साहेबांना गेली.

पण विसू, हे सगळं वहीला आणि साहेबांना सांगून झालं. तुला सांगायला दोन वर्षं होती. रोज दोन वेळा तुझं पान वाढत होते, तू समोर बसलेला असायचास, आणि तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

माझा चुकला रे.